स्थानिक कर्मचाऱ्यांचा अपघात भरपाई विमा : खरेदीच्या नोंदी

४ जानेवारी

चालू पॉलिसी ३१ मार्चला संपतेय. दरवर्षी काय व्हायचं, तर मागच्या वर्षीचा कागद काढायचा, तारीख बदलायची, प्रीमियम भरायचा, झालं काम. या वर्षी तसं करायचं नाही हे आज प्रशासन अधिकारी मॅडमना सांगून टाकलं आणि त्या लगेच हो म्हणाल्या, कारण गेल्या वर्षीची ती केस त्यांच्याही डोक्यातून गेलेली नाही. आमच्या मिशनचा, म्हणजे दूतावासाचा, एक ड्रायव्हर, रात्री दोनला विमानतळावरून पाहुणे आणून सोडले, गाडी आवारात लावली, चावी जमा केली आणि स्वतःच्या दुचाकीवरून घरी निघाला तर वाटेत धडक बसली. पायात रॉड, पाच महिने घरी. विमा कंपनीने क्लेम नाकारला, म्हणे ड्युटी संपली होती. कागदावर त्यांचं चुकत नव्हतं, कारण आमच्याच पॉलिसीत 'कामाच्या जागेवर व कामाच्या वेळेत' एवढंच लिहिलेलं आणि ते शब्द कोणी कधी वाचलेच नव्हते. रजा संपल्यावर त्याचा पगार थांबला आणि आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढली. वर्गणी दिल्याचं वाईट वाटत नाही, पण ती काढायची वेळ यायलाच नको होती. मीही स्थानिक भरतीतलीच, त्यामुळे हा विमा माझाही आहे. म्हणून या खरेदीच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवतेय.

७ जानेवारी

वकिलांबरोबर दीड तास. ऑफिसात एक समज पक्का बसलाय की आपण दूतावास, आपल्याला इथला कायदा लागत नाही, विमा काढतो तो आपला चांगुलपणा. हे खरं नाही आणि ते आज नीट समजून घेतलं. १९६१ चा राजनैतिक संबंधांवरचा व्हिएन्ना करार, त्यातलं कलम ३३ सामाजिक सुरक्षेबद्दल आहे. राजनैतिक अधिकारी स्वतः इथल्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून मोकळा. पण अधिकाऱ्याने जी माणसं कामावर ठेवली आणि ज्यांना ती सूट नाही, त्यांच्या बाबतीत मालक म्हणून जी जबाबदारी इथला कायदा घालतो ती त्याने पाळायची, असं त्याच कलमात आहे. कलम ३७ मध्ये तांत्रिक आणि सेवा कर्मचाऱ्यांना ज्या सवलती आहेत त्या ते इथले नागरिक किंवा कायम रहिवासी नसतील तरच. आणि कलम ४१ सगळ्यांनाच सांगतं की यजमान देशाचे कायदे मानायचे. थोडक्यात सूट आहे ती पाठवलेल्या माणसाला, इथे घेतलेल्या माणसाला नाही.

कलम ३३ मध्ये अजून एक ओळ आहे, यजमान देश परवानगी देत असेल तर त्याच्या योजनेत स्वखुशीनेही सामील होता येतं. वकील म्हणाले, पहिलं काम विमा शोधणं नाही, पहिलं काम हे बघणं की कामावरच्या दुखापतीसाठी इथे सरकारी निधी आहे की मालकाने खाजगी पॉलिसी घ्यायची पद्धत आहे की दोन्ही. निधी सक्तीचा असेल तर खाजगी पॉलिसी त्याच्या वर बसते, त्याच्या जागी नाही. आमच्याकडे दुसरी पद्धत आहे, पण हा प्रश्न आधी विचारला नसता तर दोनदा पैसे भरले असते किंवा भलत्याच ठिकाणी भरले असते.

मी विचारलं, समजा कर्मचारी कोर्टात गेला तर? तिथेही जुनी समजूत आता चालत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लंडनमधल्या सुदान आणि लिबियाच्या दूतावासांत काम केलेल्या दोन स्त्रियांच्या प्रकरणात सांगितलं की नोकरीच्या दाव्यात राज्याची प्रतिरक्षा, म्हणजे परक्या देशावर इथल्या कोर्टात खटला चालत नाही हा नियम, सरसकट पुढे करून माणसाला कोर्टाचं दार बंद करता येत नाही. त्याआधी २०१० मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने पोलंडच्या व्हिल्निअसमधल्या दूतावासातल्या एका स्थानिक कर्मचारी महिलेच्या बाबतीत त्याच दिशेचा निकाल दिला होता. हे निकाल प्रत्येक देशाला बांधत नाहीत, पण वारं कुठल्या दिशेला आहे ते कळतं.

१३ जानेवारी

माणसांची यादी. वाटलं होतं अर्ध्या दिवसाचं काम, आज चौथा दिवस. विमा कंपनी प्रीमियम काढते तो वर्षाच्या एकूण पगारावर, आणि दर ठरतो कामाच्या वर्गावरून, म्हणजे कार्यालयीन वेगळा, ड्रायव्हर वेगळा, देखभालवाले वेगळे. आमच्या पेरोलमध्ये पदनामं आहेत ती पंधरा वर्षांपूर्वीची. 'स्टोअर कारकून' असं ज्याचं पद आहे तो रोज शिडीवर चढून जड खोकी उतरवतो. 'माळी' आहे तो कीटकनाशक फवारतो. 'सहाय्यक' म्हणून एक जण आहे तो खरं तर जनरेटर बघतो. पद बघून वर्ग लावला तर प्रीमियम स्वस्त पडेल हे खरं, पण अपघात झाला की सर्व्हेयर, म्हणजे विमा कंपनीचा तपासनीस, पहिला प्रश्न हाच विचारणार की कारकून शिडीवर काय करत होता.

म्हणून प्रत्येकाकडे जाऊन विचारलं, आठवडाभरात तुम्ही नक्की काय काय करता. सगळ्यात जास्त वेळ टपाल खोलीत गेला. तिथली बाई म्हणाली, "मॅडम, बाहेरून आलेलं प्रत्येक पाकीट आधी मीच उघडते, हे कुठे लिहिलंय का?" कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता लिहिलं.

एकूण थेट कर्मचारी ७४. त्याशिवाय दोन गट आहेत ज्यांच्यामुळे डोकं दुखलं. एक, गेटवरचे सुरक्षारक्षक, ते ठेकेदाराचे. त्यांचा विमा ठेकेदाराने काढायचा, पण आम्ही कधी त्याचं प्रमाणपत्र मागितलेलंच नाही, आज मागितलं. दुसरा गट अधिकाऱ्यांच्या घरी काम करणारे, स्वयंपाकी, मुलं सांभाळणाऱ्या बायका. व्हिएन्ना करारात यांना खाजगी सेवक म्हणतात, त्यांचा मालक तो अधिकारी, मिशन नाही. म्हणजे आमच्या पॉलिसीत ते येत नाहीत आणि स्वतः अधिकाऱ्याने काढली नसेल तर कशातच येत नाहीत. मॅडमना वेगळी टिपण दिली की हे लोक याच दरात जोडता येतील का ते बोलीदारांना पर्याय म्हणून विचारू, पैसे अधिकारी भरतील.

यादी बाहेर जाईल त्यात नावं नाहीत. कामाचा वर्ग, वयोगट, पगाराचा टप्पा, बस. कोण दूतावासात काय काम करतं ही माहिती दहा कंपन्यांच्या इनबॉक्समध्ये फिरत राहणं बरोबर नाही.

२१ जानेवारी

पाच वर्षांचा क्लेमचा तपशील सध्याच्या विमा कंपनीकडून तीनदा आठवण केल्यावर आला. पाच वर्षांत सहा क्लेम. आमचं प्रथमोपचाराचं रजिस्टर काढलं तर त्यात एकतीस नोंदी. सगळ्याच क्लेम होण्यासारख्या नव्हत्या, पण तीन-चार नक्की होत्या, एकाचं मनगट मोडलेलं. विचारलं तर म्हणाला सुपरवायझर म्हणाले कशाला कागदपत्रं, दोन दिवस रजा घे. असे क्लेम दडले की दर कमी दिसतो, मान्य, पण मनगट पुन्हा दुखायला लागलं तर त्या माणसाकडे एक कागद नाही. बोलीदारांना सहाच क्लेम दाखवावे लागतील कारण तेवढेच नोंदवलेत, पण सोबत रजिस्टरचा गोषवाराही जोडणार. माहिती लपवून घेतलेली पॉलिसी ऐन वेळी रद्द होऊ शकते.

२९ जानेवारी

फायद्यांचा तक्ता. यावर सगळ्यात जास्त वाचन केलं. इथल्या कायद्याने ठरवलेलं किमान आहेच, पण किमान म्हणजे पुरेसं का हे तपासायला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे करार समोर ठेवले. १९५२ चा क्रमांक १०२, त्यात कामावरच्या दुखापतीसाठी नियतकालिक भरपाईचं, म्हणजे ठरावीक काळाने मिळत राहणाऱ्या रकमेचं, प्रमाण आधीच्या कमाईच्या ५० टक्के. १९६४ चा क्रमांक १२१ खास कामावरच्या दुखापतींसाठीच, त्यात ६० टक्के. १२१ मध्ये वैद्यकीय उपचारांच्या यादीत कृत्रिम अवयव आहेत आणि ते नुसते द्यायचे नाहीत तर दुरुस्त करायचे आणि गरज पडेल तेव्हा बदलून द्यायचे, चष्मासुद्धा आहे. आमच्या जुन्या पॉलिसीत 'कृत्रिम अवयव, एकदा' असं होतं. कृत्रिम पाय काय आयुष्यभर टिकतो का. ते 'एकदा' काढलं.

मग तो मुख्य मुद्दा, येण्याजाण्याच्या वाटेवरचा अपघात. १२१ चा करार देशांना सांगतो की कामावरच्या अपघाताची व्याख्या करताना वाटेवरचा अपघात कोणत्या अटींवर धरायचा तेही ठरवा. आणि त्याच वर्षीची जी शिफारस आहे, तिचाही क्रमांक १२१ च, ती अजून स्पष्ट आहे : कामाची जागा आणि घर, किंवा नेहमी जेवायची जागा, किंवा नेहमी पगार घ्यायची जागा, यांमधल्या थेट वाटेवरचा अपघात हा कामावरचा अपघात धरावा. मी ही ओळ वाचली आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. १९६४ मध्ये लिहून ठेवलंय हे.

निविदेत घातलं : घर ते काम थेट मार्ग, कुठल्याही वेळी, कुठल्याही वाहनाने, पायीसुद्धा.

अजून एक जोडलं. आमच्याकडे स्थानिक भरतीत तिसऱ्या देशाचे तीन नागरिक आहेत. १९२५ च्या १९ क्रमांकाच्या करारात परदेशी कामगारालाही अपघात भरपाईत देशी कामगारासारखीच वागणूक असं आहे, तेव्हा वारस दुसऱ्या देशात राहत असले तरी रक्कम तिथे पाठवायची अट घातली.

५ फेब्रुवारी

निविदा गेली. तांत्रिक लिफाफा आणि आर्थिक लिफाफा वेगवेगळे. इथला परवाना असलेलीच विमा कंपनी, ब्रोकर चालेल पण पॉलिसी कंपनीच्या नावाने. कर वेगळा दाखवायचा, कारण आम्हाला करमाफी कशावर आणि किती ते वेगळं ठरतं आणि एकत्र आकडा दिला की नंतर वाद होतात.

१४ फेब्रुवारी

बोलीपूर्व बैठक. सात कंपन्या आणि दोन ब्रोकर आले. सुरुवातीचे प्रश्न साधे होते, मग एका अंडररायटरने, म्हणजे कंपनीत धोका तोलून दर ठरवणाऱ्याने, विचारलं की एका घटनेची कमाल मर्यादा किती ठेवायची आणि दहशतवादी हल्ला वगळायचा ना, सगळे वगळतात. खोलीत शांतता. मी आधी तयारी केली होती म्हणून बोलले. १८ एप्रिल १९८३ ला बैरूतमधल्या अमेरिकी दूतावासावर बॉम्बने भरलेलं वाहन आदळलं, ६३ माणसं गेली, त्यात अमेरिकन १७ आणि दूतावासातले लेबनीज कर्मचारी ३२. ऑगस्ट १९९८ मध्ये नैरोबी आणि दार-एस-सलाममध्ये दोन दूतावासांवर एकाच दिवशी हल्ला झाला, २०० हून जास्त गेले आणि त्यातले बहुतेक आफ्रिकन. दूतावासावर हल्ला झाला की गेटवर, स्वागतकक्षात, टपाल खोलीत, गाडीत कोण असतं? स्थानिक माणूस. जो धोका या नोकरीचाच भाग आहे तो वगळून उरलेल्याचा विमा घ्यायचा तर घ्यायचा कशाला, असं मी विचारलं. ते गृहस्थ सभ्य होते, म्हणाले, "तुमचं म्हणणं पटतंय, पण पुनर्विमा कंपनीला विचारावं लागेल, दर वाढेल." पुनर्विमा कंपनी म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणारी. वाढू दे, वेगळा दाखवा म्हटलं.

घटनेच्या मर्यादेचं गणित संध्याकाळी केलं. ७४ पैकी दुपारी एकच्या सुमाराला मुख्य इमारतीत साधारण ५० जण असतात. मृत्यूची भरपाई पगाराच्या पटीत आहे. त्यांनी सुचवलेली मर्यादा ठेवली तर अठरा जणांपर्यंत पूर्ण रक्कम पोचते, त्यापुढे सगळ्यांचीच कापून वाटली जाणार. हा आकडा मॅडमच्या टेबलावर ठेवला तेव्हा त्यांनी खुर्ची मागे ओढली आणि म्हणाल्या, "मर्यादा पन्नासची मागा." शुद्धिपत्रक काढलं.

२० फेब्रुवारी

प्रतिरक्षेचं कलम. दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले. एक, विमा कंपनीने क्लेम टाळायला आमच्या प्रतिरक्षेमागे लपू नये. म्हणजे जखमी माणसाने दावा केला आणि कंपनीच्या वकिलाने उभं राहून सांगितलं की हे तर दूतावास, कोर्टाला अधिकारच नाही, असं व्हायला नको. म्हणून लिहिलं की मिशनच्या लेखी संमतीशिवाय कंपनी प्रतिरक्षेचा बचाव घेणार नाही. दुसरा उलटा, पॉलिसी घेतली म्हणून मिशनने प्रतिरक्षा सोडली असा अर्थ निघू नये, मुख्यालय त्याशिवाय सहीच करणार नाही. दोन्ही वाक्यं एकाखाली एक ठेवली की परस्परविरोधी वाटतात, पण नाहीत. पहिलं कंपनीला बांधतं, दुसरं मिशनला राखतं.

तिसरी गोष्ट तपासाची. व्हिएन्ना कराराच्या कलम २२ प्रमाणे मिशनप्रमुखाच्या संमतीशिवाय यजमान देशाचे अधिकारीसुद्धा आवारात येऊ शकत नाहीत. मग सर्व्हेयर अपघाताची जागा बघणार कशी? जुन्या पॉलिसीत होतं की 'विमाधारकाने तपासासाठी प्रवेश द्यावा', आणि तो दिला नाही तर क्लेम नाकारता येतो. म्हणजे सुरक्षा विभागाच्या एका नकाराने माळ्याची भरपाई जाणार. बदललं : प्रवेश शक्य नसेल तर आम्ही फोटो, मोजमाप, साक्षीदारांचे जबाब देऊ आणि प्रवेश न मिळणं हे नकाराचं कारण होणार नाही. सुरक्षा प्रमुखांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, फोटो कोण काढणार वगैरे. त्यांच्या माणसाने काढायचे आणि त्यांनीच मंजूर करायचे असं ठरलं तेव्हा मानले.

२८ फेब्रुवारी

बोल्या उघडल्या, चार. एकीचा परवाना जोडलेला नाही, बाद. उरलेल्या तीनमध्ये सगळ्यात स्वस्त बोली दुसरीपेक्षा बरीच खाली, पण तिच्या जोडपत्रात चौथ्या पानावर बारीक अक्षरात 'वाटेवरील अपघात वगळून'. आम्ही जे मुद्दाम मागितलं तेच काढून स्वस्त केलेलं. अटी पूर्ण होत नाहीत म्हणून तांत्रिक छाननीतच थांबवली, कारण फाइलवर सविस्तर लिहिलं.

८ मार्च

निवडलेल्या बोलीवर तीन दिवस नुसती शब्दांची ये-जा. पगाराची व्याख्या मूळ पगार की ओव्हरटाइमसकट? ड्रायव्हर आणि देखभालवाल्यांच्या घरात जे पैसे जातात त्यातला मोठा भाग ओव्हरटाइम असतो, भरपाई मूळ पगारावर काढली तर घर चालत नाही. कंपनी म्हणाली मग प्रीमियमही त्यावर भरा. बरोबरच आहे ते, भरू. वर्षाच्या सुरुवातीला अंदाजे पगारावर प्रीमियम आणि वर्ष संपल्यावर खऱ्या पेरोलवर हिशोब, फरक इकडे किंवा तिकडे. लेखा विभागाला हे आधीच सांगून ठेवलंय, नाहीतर पुढच्या वर्षी फरकाचं बिल आलं की बजेट नाही म्हणून अडेल.

व्यावसायिक आजारांचंही ठरवलं. अपघाताला तारीख असते, आजाराला नसते. फवारणीमुळे माळ्याला पाच वर्षांनी त्रास झाला तर कुठली पॉलिसी? शेवटचा संपर्क ज्या दिवशी आला त्या दिवशी चालू असलेली, असं लिहून घेतलं.

१८ मार्च

मुख्यालयाची मंजुरी. दहशतवादी हल्ल्याच्या कव्हरचा जादा दर का, असा एकच प्रश्न आला. बैरूतच्या दोन ओळी पाठवल्या, दुपारी होकार.

२५ मार्च

बरं झालं आज दोन्ही पॉलिसी शेजारी ठेवून वाचल्या. जुनी ३१ मार्चला दुपारी १२ वाजता संपते. नवी १ एप्रिलला मध्यरात्री सुरू. मधले बारा तास कोणाचंच कव्हर नाही, आणि त्याच संध्याकाळी निवासस्थानी कार्यक्रम, निम्मे कर्मचारी ड्युटीवर. नव्या कंपनीने सुरुवात ३१ मार्च दुपारी १२ अशी करून दिली, जादा पैसे न घेता.

सुरक्षारक्षकांच्या ठेकेदाराचं प्रमाणपत्र आलं. मुदत गेल्या नोव्हेंबरमध्ये संपलेली. दहा दिवसांची नोटीस दिली, तोपर्यंत बिल थांबवलं.

२ एप्रिल

पॉलिसी चालू झाली. कर्मचारी वाचतात त्या दोन भाषांत एक पान करून नोटीस बोर्डवर, गॅरेजमध्ये आणि स्वयंपाकघराच्या दाराला लावलं : दुखापत झाली की काय करायचं, कोणाला सांगायचं, किती वेळात, आणि सुपरवायझर नको म्हणाला तरी थेट माझ्याकडे यायचं. घरकाम करणाऱ्यांसाठीच्या पर्यायात अकरापैकी आठ अधिकाऱ्यांनी पैसे भरले. उरलेल्या तिघांकडे मॅडम स्वतः जाणार आहेत.

१० एप्रिल

तो ड्रायव्हर कामावर परत आलाय, थोडा लंगडतो. त्याला गॅरेजमधला कागद दाखवला. त्याच्या जुन्या क्लेमला याचा काही उपयोग नाही हेही स्पष्ट सांगितलं, ते सांगताना फार जड गेलं. त्याने सगळं सावकाश वाचलं, मग बोट ठेवलं. म्हणाला, "मॅडम, इथे थेट मार्ग म्हटलंय. पण रात्री अकरानंतर पुलाकडचा रस्ता बंद असतो, आम्ही सगळे बाहेरून वळसा घालून जातो. मला लागलं ते त्या वळशावरच."

तीन महिने हे शब्द मी घासत होते आणि हे मला सुचलं नाही, कारण मी रात्री दोनला कधी घरी गेलेच नाही. त्याच्यासमोरच कंपनीला मेल लिहिला, त्यालाच मार्ग सांगायला लावला. 'थेट मार्ग' च्या पुढे 'किंवा त्या वेळी वाहतुकीस खुला असलेला नेहमीचा मार्ग' इतकंच जोडायचं.

१६ एप्रिल

कंपनीचं उत्तर आलं, एन्डोर्समेंट (पॉलिसीला जोडलेली दुरुस्ती) क्रमांक १, शब्द जसेच्या तसे. ३१ मार्च दुपारी १२ पासून लागू. प्रत काढून गॅरेजमध्ये आधीच्या कागदाखाली चिकटवली.